बाकावर कोण बसणार?

मनीषनगरच्या एका आईचं चार पानी पत्र आलंय. सगळं छापत नाही, गाभा सांगते. घरची नऊ माणसं: पत्र लिहिणारी, तिचे मिस्टर, त्यांची दोन वर्षं सात महिन्यांची मुलगी, दीर-जाऊ, त्यांची नऊ आणि बारा वर्षांची दोन मुलं, आणि सासू-सासरे. मेच्या शेवटच्या आठवड्यात हैदराबादला जायचं ठरलंय. तेरा सीटची गाडी सांगून ठेवली आहे, पण पैसे अजून दिले नाहीत. रात्री दहाला नागपूर सोडायचं, सकाळी पोचून थेट 'वंडरला' नावाच्या अम्युझमेंट पार्कात, दुसऱ्या दिवशी रामोजी फिल्म सिटी, तिसऱ्या दिवशी परत. ती लिहिते:

"मागच्या उन्हाळ्यात आम्ही नागपूरजवळच्याच एका वॉटर पार्कात गेलो होतो. पाच तास मी पोरीला घेऊन लॉकरच्या बाजूला बसली होती. माझा ड्रेस ओलासुद्धा झाला नाही. घरी आल्यावर सगळे म्हणे, काय मजा आली! यंदाही तेच होणार. ताई, मुलीला वर्ध्याला माझ्या आईकडे ठेवून जाऊ का? की मी जाऊच नको? मिस्टरांना काही म्हटलं तर ते म्हणतात, 'आपण पोरीसाठीच तर जाऊन राहिलो.' भांडण न होता त्यांना कसं सांगू?"

तुला 'तू'च म्हणते, माझ्या भाचीच्या वयाची असशील.

पहिले मिस्टरांचं ते वाक्य घेऊ. पोरीसाठी नाही चालले बाप्पा तुम्ही. अडीच वर्षांच्या पोट्टीला वंडरला नको असतं. तिला पाणी हवं असतं, आणि ते घरच्या टपातही मिळतं. तुम्ही चाललात त्या दोन मोठ्या मुलांसाठी आणि खरं सांगू, चार मोठ्या माणसांसाठी. त्यात वाईट काहीच नाही. वर्षभर राबलेल्या माणसाला घसरगुंडीवरून किंचाळत खाली यावंसं वाटलं तर त्यानं यावं. पण सहल पोरीच्या नावावर काढली की तिला मजा आलीच पाहिजे असा सगळ्यांचा हट्ट सुरू होतो. ती रडली की 'हिच्यासाठी एवढे पैसे घातले' हे कुणाच्या तरी तोंडून निघतंच. आणि जिची पोर तिनं सांभाळायची, हा हिशेब कुणी न मांडता लागून जातो. तू बाकावर बसलीस ती त्या हिशेबानं.

मीही बसलेली आहे. माझा मुलगा दीड वर्षाचा असताना सासरची चौदा माणसं मिळून एका पार्कात गेलो होतो. माझ्या गळ्यात लॉकरच्या तीन किल्ल्या, मांडीवर झोपलेलं पोर, शेजारी ओल्या टॉवेलांचा ढीग. दर अर्ध्या तासाने कुणीतरी पाणी निथळत यायचं, "वहिनी, चिवडा कोणत्या पिशवीत आहे?" विचारायचं आणि पळायचं. संध्याकाळी एक बाई माझ्यापुढे पावती धरून म्हणाली, "मॅडम, डिपॉझिट तुम्हीच परत देता ना?" तेव्हा हसले. गाडीत मागच्या सीटवर बसून रडले, आणि का रडते ते नवऱ्याला सांगताच आलं नाही. तुला सांगता येतंय, तू माझ्यापेक्षा बरी.

तर माझं म्हणणं असं. जा, पोरीला घेऊन जा, पण बाकावरच्या पाळ्या नागपुरातच लावून जा.

हिशेब सोपा आहे. पार्क साधारण अकराच्या सुमारास सुरू होतं. पाचपर्यंत धरलं तर सहा तास. धडधाकट माणसं चार: तू, मिस्टर, दीर, जाऊ. प्रत्येकाला दीड तास. पहिली पाळी मिस्टरांची. का, तर पोर तेव्हा ताजीतवानी असते, पोट भरलेलं असतं, सगळं नवं असतं. त्यांना जमेल आणि जमलं की त्यांनाही बरं वाटेल. त्या दीड तासात तू पाण्यात जा. मागे वळून बघू नको. दुसरी पाळी तू घे. साडेबारा ते दोन, म्हणजे जेवण आणि झोप. या वयाची मुलं परक्या जागी आईशिवाय झोपत नाहीत, हे मीही कबूल करते. पण एकदा ती झोपली की दोन वाजता झोपलेली पोर दिराच्या हवाली. झोपलेल्या पोरीजवळ बसायला फार कौशल्य लागत नाही, मोबाइल बघत बसता येतं. शेवटी साडेतीनला जाऊबाई, त्या वेळी ऊन उतरू लागतं आणि पोर लहान मुलांच्या उथळ पाण्यात खेळू शकते. बदल्यात त्यांची दोन्ही मुलं राइड्सवर नेण्याचं काम तुझं आणि मिस्टरांचं. दीर-जावेला हा सौदा वाईट वाटणार नाही. नऊ आणि बारा वर्षांच्या मुलांमागे दिवसभर धावणं ही काही कमी शिक्षा नाही.

सासूबाईंना पाळीत धरलेलं नाही, हे लक्षात आलं असेल. मुद्दाम धरलं नाही. आजी आहे म्हणजे ती सांभाळेल, असं सगळे गृहीत धरतात आणि आजी बिचारी गुडघे दाबत बसते. त्या स्वतःहून म्हणाल्या तर आनंद आहे. आणखी एक, पाण्याच्या राइड्सवर सुती कपडे आणि साडी चालत नाही, नायलॉनचे कपडे लागतात. हे त्यांना आधीच सांगा. गेटवर कळलं की माणसाचा उगीच अपमान होतो. सासऱ्यांचंही तेच, धोतर-पायजम्यात पाण्यात उतरू देणार नाहीत.

आता वर्ध्याचा प्रश्न. मुलगी याआधी तुझ्याशिवाय आईकडे दोन-तीन रात्री राहिलीय का? राहिली असेल तर खुशाल ठेव, अपराधी वाटून घेऊ नको. राहिली नसेल तर पहिला प्रयोग मेच्या महिन्यात, तू पाचशे किलोमीटरवर असताना नको. रात्री दोनला ती रडायला लागली तर तुझी आई काय करणार आणि तू तरी काय करणार?

तुमच्या बेतात मला सगळ्यात जास्त खटकलं ते रात्री दहाला निघून सकाळी थेट पार्क. हे आपल्याकडे फार चालतं, हॉटेलची एक रात्र वाचते म्हणून. गाडीत मोठी माणसं पेंगतात, पोर मात्र प्रत्येक टोलनाक्यावर जागी होते. ४४ नंबरचा हायवे आता चांगला आहे. हिंगणघाट, पांढरकवडा, मग आदिलाबाद, निर्मल, कामारेड्डी असं सरळ जाता येतं. पण मेडचल आलं म्हणजे हैदराबाद आलं असं वाटतं, आणि वंडरला शहराच्या पार दक्षिणेला, आउटर रिंग रोडच्या काठी आहे. मेडचलपासून रिंग रोडने अर्धं शहर वळसा घालायचं, आणखी तासभर. रात्रभर न झोपलेलं पोर घेऊन अकराला गेटवर उभं राहिलात तर त्या दिवशी तुमच्या पाळ्यांचं काही खरं नाही. त्यापेक्षा पहाटे पाचला निघा. पोर पहिले दोन तास झोपते, पांढरकवड्याच्या आसपास पोहे-चहा, दुपारी आदिलाबादच्या पुढे जेवण, संध्याकाळी हॉटेल. पार्क दुसऱ्या दिवशी. एक रात्र जास्तीची लागली तर रामोजी गाळा. तिथे पोरगी अर्धा दिवस बसमधून चढ-उतर करत राहील, आणि तेवढ्या पसाऱ्यात तिला बघण्यासारखं फार काही नाही. सासू-सासऱ्यांचं मन रामोजीत असेल तर दीर-जाऊ त्यांना घेऊन जातील. तुम्ही तिघं त्या दिवशी नेहरू झूलॉजिकल पार्कला जा. सोमवारी बंद असतं, तेवढं बघून घ्या.

गाडीत पोरीला पुढच्या सीटवर मांडीवर घेऊ नका. एअरबॅग उघडली तर ती मांडीवरच्या लेकराला वाचवत नाही, मारते. मागच्या सीटवर, तिच्या स्वतःच्या कार सीटमध्ये. ट्रॅव्हलरवाल्याला आधीच विचार, सीटबेल्ट आहेत का ते. ट्रेनने जायचं मनात आलं तर नागपूरहून सिकंदराबादची वंदे भारत पहाटे सुटते आणि सात-सव्वासात तासांत पोचवते. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण मग जागाही मिळत नाही, आणि चेअर कारमध्ये सात तास अडीच वर्षांची पोर मांडीवर, हे तू मला नको सांगू. तिची सीट पैसे भरून काढ.

आणि मे कशाला? इथे आपल्या नागपूरकरांच्या हातात एक पत्ता आहे, तो कुणी खेळत नाही. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, २३ जूनच्या आसपास किंवा त्यानंतर उघडतात. राज्यातल्या बाकीच्या शाळा मध्यावर उघडतात आणि तेलंगणातल्या त्याच्याही थोड्या आधी, १२ जूनच्या आसपास. म्हणजे १६ ते २० जूनमध्ये तिथली मुलं शाळेत आणि आपली मुलं घरी कूलरसमोर लोळत. त्या दिवसांत मंगळवार-बुधवारी हैदराबादच्या पार्कात गेलात तर रांगा आखूड मिळतील. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तिकडे जूनच्या उत्तरार्धात बरंच निवतं. पाऊस पडला, वीज चमकली तर काही राइड्स बंद ठेवतात, हा एक तोटा आहे. तो मी पत्करेन. मिस्टरांची सुटी मेमध्येच पक्की असेल तर जा, पण मग दुपारी एक ते चार कुणीही उघड्यावर राहायचं नाही. इथे दुपट्टा बांधून आणि खिशात कांदा ठेवून फिरणारे आपण तिथे गेल्यावर तेच ऊन अंगावर घेतो आणि म्हणतो, सहलीला आलोय ना.

आता जरा उंचीकडे येऊ. आज संध्याकाळी मोजपट्टी घेऊन तिन्ही पोरांना दाराच्या चौकटीला उभं कर आणि पेन्सिलीने रेघा मार. वंडरलाचं तिकीट वयावर नाही, उंचीवर असतं. ८५ सेंटिमीटरच्या आत फुकट, ८५ ते १४० मुलांचं तिकीट, त्यावर पूर्ण. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्याप्रमाणे तुझ्या मुलीच्या वयाची मुलगी साधारण ९१ सेंटिमीटर असते. म्हणजे तिचं तिकीट लागणार, आणि ज्या राइडवर ती बसू शकेल अशा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. हे आत्ताच कळलेलं बरं. पैसे वसूल करायचे म्हणून तिला कशातही बसवण्याचा मोह होत नाही.

पण मला खरी काळजी तुझ्या मुलीची नाही, जावेच्या धाकट्याची आहे. नऊ वर्षांचा मुलगा साधारण १३२-१३३ सेंटिमीटर असतो, बारा वर्षांचा १४९ च्या घरात. मोठ्या थरारक राइड्सची रेघ बऱ्याचदा १४० ला असते. थोरला आत जाणार, धाकट्याला राइडच्या तोंडाशी पट्टीजवळ उभं करून गार्ड मान हलवणार. सगळं घर अडीच वर्षांच्या पोरीची तयारी करत असतं आणि रडून गोंधळ घालतो तो नऊ वर्षांचा. त्याला घरीच सांगा. कुठल्या राइडवर त्याला बसता येईल त्यांची यादी पार्कच्या वेबसाइटवर त्यालाच बघायला लावा. त्यातली एक राइड तुझ्याबरोबर, फक्त तुझ्याबरोबर. काकूबरोबर खास काही मिळालं तर तो पट्टीचं दुःख विसरतो.

पाण्याबद्दल मात्र मी कडक आहे. लहान मूल दोन इंच पाण्यातही बुडू शकतं, आणि ओरडत नाही, हातपाय आपटत नाही, गप्प होतं. जिची किंवा ज्याची पाळी, त्याने हात लांबवला की पोर हाती लागेल एवढ्याच अंतरावर राहायचं. फोन लॉकरमध्ये. दंडात घालायच्या हवेच्या फुग्यांवर विसंबायचं नाही. वेव्ह पूल नाहीच. पाळी बदलताना तोंडाने म्हणायचं, "आता तुझी." चार मोठी माणसं काठावर असली की प्रत्येकाला वाटतं बाकी तिघं बघतायत. साधा डायपर पाण्यात फुगून गुडघ्यापर्यंत लोंबतो, म्हणून पाण्यातला वेगळा डायपर घे. तो शी अडवतो, शू नाही. तेव्हा पाण्याबाहेर असताना पुन्हा साधा.

बाहेरचं खाणं बहुतेक पार्कांत आत नेऊ देत नाहीत, लहान मुलाचं सहसा सोडतात. फोन करून विचारून घे, आणि गेटवर दाखवता येईल असं वेगळ्या डब्यात ठेव. दहीभात, केळी, तुपातलं थालीपीठ. आत पॉपकॉर्न विकायला असतं, ते आणि फुटाणे, शेंगदाणे तिला अजिबात नाही, घशात अडकतात. दर अर्ध्या तासाला चार घोट पाणी. ओआरएसची पाकिटं औषधाच्या दुकानातून घे आणि पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालव. मोठं एक लिटरचं असतं, छोटं २०० मिलीचं. गोड पेयांच्या खोक्यांवर पूर्वी ओआरएस लिहिलेलं असायचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने ते बंद करायला लावलं, कारण त्यात जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र नसायचं. सहा तास शू झाली नाही, तोंड कोरडं पडलं, रडते पण डोळ्यात पाणी नाही, किंवा अंग तापलंय आणि पोर मलूल पडलीय, तर तिथलं प्रथमोपचार केंद्र गाठायचं. तेव्हा ताईचा सल्ला आठवत बसायचं नाही. हलकी घडीची बाबागाडी असेल तर घे. लोक हसतात, हसू दे, दुपारच्या झोपेला तीच कामी येते. सकाळी निघताना पोरीचा त्या दिवशीच्या कपड्यात एक फोटो काढ आणि तिच्या मनगटावर बॉलपेनने फोन नंबर लिही.

माझ्या मुलाने त्या दिवशी पार्कात सगळ्यात जास्त वेळ काय बघितलं, सांगू? आमच्या बाकामागे एक नळ गळत होता. थेंब पडायचा, खाली छोटं डबकं, त्यात मुंग्या. पाऊण तास. मी त्याला उचलून तिकडे रंगीत कारंजं दाखवायला नेलं तर त्याने भोकाड पसरलं आणि परत नळाशी येऊन बसला. तुझ्या मुलीला असा नळ सापडला तर तिला तिथे राहू दे, ज्याची पाळी असेल त्याने शेजारी बसावं.

राहिलं मिस्टरांना सांगणं. जेवणाच्या ताटावर, सासू-सासऱ्यांसमोर नको. पोर झोपल्यावर सांग. 'मागच्या वेळी तुम्ही' असं वाक्य सुरू केलंस की ते मागच्या वर्षाचा बचाव करत बसतील आणि यंदाचं राहून जाईल. सरळ पुढचं बोल: "अहो, मलाही स्लाइडवर जायचंय. अकरा ते साडेबारा पोर तुमच्याजवळ, मग माझ्याजवळ. दादा-वहिनींना मी विचारते." तक्रार ऐकली की पुरुष माणूस ओशाळतो नाहीतर चिडतो. हातात वेळापत्रक दिलं की बहुधा 'ठीक आहे' म्हणतो. जावेला मात्र तूच विचार, तेही आधी. नवऱ्यामार्फत दिराला आणि दिरामार्फत जावेला निरोप गेला की दहातल्या आठ घरांत त्याचं भलतंच काहीतरी होतं.

आणि गाडीचे पैसे देण्याआधी एक रंगीत तालीम घे. येत्या रविवारी सकाळी उन्हाच्या आधी सगळे महाराजबागेत जा. आत गेल्यावर पोरगी आणि डायपरची पिशवी मिस्टरांच्या हातात दे, आणि जावेला घेऊन तर्री पोहे खायला बाहेर पड. दीड तासाने परत ये. मध्ये त्यांचा फोन येईल. पहिले दोन उचलू नको.